हाकेला ओ

विद्यापीठात वाचनालयं बरीच होती, पण तळघर एकच. धातुशास्त्राचं वाचनालय वेगळं, खाणकामाचं वेगळं, धरणं आणि पाणी यांचं वेगळं. प्रत्येकाचा आपापला संसार, आपापला तोरा, आणि दुसऱ्या विभागाला पुस्तक पाठवताना पोटची पोर परगावी धाडल्यासारखी तोंडं. पण पुस्तक म्हातारं झालं, त्याला कुणी विचारेनासं झालं, की ते कुठल्याही घरचं असो, त्याची रवानगी मध्यवर्ती इमारतीच्या तळघरात व्हायची. वर काउंटरवर बसणारा येर्रिस्वामी तळघराला "हुलिगेव्वाचं सासर" म्हणायचा. हुलिगेव्वा त्यावर हसत नसे. येर्रिस्वामीच्या विनोदाला हसायचं नाही असा तिने नेमच धरला होता, कारण एकदा हसलं की तो दिवसभर आवरत नसे.

तळघराचा कारभार तिच्या एकटीच्या हातात होता. वरून पुस्तकांच्या छोट्या लिफ्टमधून चिठ्ठी यायची. हुलिगेव्वा पुस्तक काढायची, लिफ्टमध्ये ठेवायची आणि बटण दाबायची. कधी भलतंच पुस्तक जायचं आणि वरून येर्रिस्वामीची बोंब यायची. संध्याकाळी तळघराचे दिवे बंद करायच्या आधी तो जिन्याच्या तोंडाशी येऊन ओरडायचा, "खाली कुणी आहे का?" आणि ती खालून म्हणायची, "आहे रे, येते." दिवसभरातलं माणसाशी बोलणं ते एवढंच. याचं तिला फार वाईट वाटायचं असंही नाही. माणसांची तोंडं तिने पुष्कळ पाहिली होती.

तिचं गाव धरणाच्या खालच्या अंगाला, कालव्याकाठी. नवसाने झाली म्हणून हुलिगीच्या देवीचं नाव मिळालं, आणि नवस फिटला तसं कौतुकही फिटलं. लग्न झालं ते द्यामप्पाशी. तो खाणीवरून लोहदगडाची लॉरी आणायचा. अंगाला लाल धूळ, कपड्यांना लाल धूळ, भाकरीच्या फडक्यालाही लाल धूळ. संडूरच्या घाटात एका पहाटे लॉरी दरीत गेली. पोरगी तेव्हा नुकती चालायला लागली होती. कुणाच्या तरी ओळखीने हुलिगेव्वा विद्यापीठात झाडलोटीला लागली, आणि झाडता झाडता एक दिवस तळघराच्या जिन्यापाशी पोचली. तिथे कळकप्पा होता.

कळकप्पा गजेंद्रगडाकडचा. उंच, जरासा वाकलेला, डोक्याला टॉवेल, मिशा पांढऱ्या. लग्न केलं नव्हतं. का नाही, असं कुणी विचारलं की म्हणायचा, "मुलगी बघायलाच निघालो होतो, वाटेत ही पुस्तकं भेटली." वास्तविक आकडे सोडले तर त्याला धड वाचता येत नव्हतं. पण तळघरात त्याच्या शब्दाबाहेर झुरळही जायचं नाही.

तळघरातले रॅक लोखंडी आणि रुळांवर उभे. जागा वाचावी म्हणून एकमेकांना चिकटवून ठेवलेले. पुस्तक हवं असलं की रॅकच्या टोकाचं चाक फिरवायचं. रॅक सरकतो आणि दोहोंच्या मध्ये माणूस मावेल एवढी गल्ली उघडते. दुसरी गल्ली उघडायची तर पहिली मिटवावी लागते. आणि गल्ल्या लांबलचक, त्यांच्या मध्यावर इमारतीचे जाडजूड खांब. खांबाच्या पलीकडे कुणी बसलेलं असलं तर चाकापाशी उभं राहून दिसत नाही.

"हे बघ तंगी," कळकप्पाने पहिल्याच दिवशी सांगितलं. आमच्याकडे धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात, आणि ती त्याला त्या दिवसापासून अण्णा म्हणायला लागली. "हे चाक लहान पोरसुद्धा फिरवेल. म्हणूनच त्याची भीती. एवढं लोखंड सरकतंय हे हाताला कळतच नाही. मध्ये माणूस आला तरी कळणार नाही."

"अगंबाई! मग करायचं काय?"

"हाक मारायची. आत कुणी आहे का होss? आणि थांबायचं. ओ आली तर चाकाला हात लावायचा नाही. कुलगुरू येऊन पाया पडला तरी लावायचा नाही. चाक मध्येच थांबलं तर पुन्हा हाक मारायची, पुन्हा थांबायचं."

"आणि ओ आली नाही तर?"

"तर खुशाल फिरव. मेलेला माणूस थोडाच ओ देणार आहे?"

एवढं म्हणून तो स्वतःच खो खो हसला. स्वतःच्या विनोदाला हसण्यात तो येर्रिस्वामीचा गुरू शोभला असता.

कळकप्पाची जागा ठरलेली. धरणांचे जुने अहवाल होते त्या गल्लीत, खांबाच्या पलीकडे, भिंतीला पाठ लावून तो दुपारी बसायचा. ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी तिथेच खायचा. वाचनालयात खायला बंदी होती, पण बंदी घालणारे तळघरात उतरत नसत. हुलिगेव्वा चाकापाशी येऊन हाक मारायची, आणि आतून रोज तीच ओ यायची, "आहे गं तंगी, अजून मेलो नाही!" ती वैतागून म्हणायची, "मेला नसाल तर बाहेर या, मला पुस्तक काढायचंय." असं वर्षानुवर्षं चाललं.

फक्त एका वेळी तो ओ देत नसे. गल्लीत कुणी विद्यार्थी वाचत बसलेला असला तर हाकेवर कळकप्पा गप्प राहायचा. आधी त्या मुलाकडे बघून ओठांवर बोट ठेवायचा, बोलू नको म्हणून, आणि मग पाय न वाजवता गल्लीच्या तोंडाशी येऊन हुलिगेव्वालाही तसंच बोट दाखवायचा. तिने समजून जायचं, की चाक फिरवायचं नाही. "वाचणाऱ्याच्या कानात ओरडणं म्हणजे जेवणाऱ्याच्या ताटात हात घालणं," असं त्याचं मत होतं. ओरडून तर ती आधीच मोकळी झालेली असायची, पण हे त्याला कोण सांगणार?

त्याच्या निवृत्तीला थोडेच महिने राहिले तसा तो उदास दिसायला लागला. "मी जाऊ कुठे?" म्हणायचा. "भावाच्या सुना दारातून आत घेणार नाहीत. मला इथेच कुठल्यातरी खणात ठेवा. नंबर घालून." हुलिगेव्वाने त्याला दटावलं. युगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, सुट्टीत तो गावी गेला, देवळाच्या पायऱ्या चढता चढता दम लागला म्हणून बसला, आणि तसाच आडवा झाला. त्याला तिथेच मूठमाती दिली. बातमी घेऊन आलेल्या पुतण्याने त्याची पत्र्याची पेटी नेली. मागे काही राहिलं नाही.

निदान सगळ्यांना तसं वाटलं.

सुट्टी संपून हुलिगेव्वा तळघरात उतरली, धरणांच्या गल्लीपाशी आली आणि सवयीने हाक मारून बसली. हाक तोंडातून गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की आता कुणाला हाक मारतेय मी? डोळ्यांत पाणी आलं. पदर डोळ्यांकडे जातो न जातो तोच खांबाच्या पलीकडून आवाज आला.

"आहे गं तंगी, अजून मेलो नाही."

ती ओरडली नाही. चाक सोडून हळूहळू जिना चढून वर आली, पेलाभर पाणी प्यायली आणि येर्रिस्वामीच्या शेजारी स्टुलावर बसली. येर्रिस्वामीने काहीतरी पांचट विनोद केला. ती हसली. तिला हसताना पाहून तोच घाबरला आणि म्हणाला, "अक्का, बरं वाटत नाही का तुला? घरी सोडू का?"

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा उतरली. पुन्हा हाक मारली, पुन्हा तीच ओ आली. तेच शब्द, तोच स्वर, शेवटी तसंच हसू दाबल्यासारखं. तिसऱ्या दिवशी तिने देवीचं नाव घेतलं आणि गल्लीत शिरून खांबाच्या पलीकडे गेली. कुणी नव्हतं. पण आमच्याकडे खाणींची लाल धूळ कुठे शिरत नाही? दारं-खिडक्या लावल्या तरी ती पुस्तकांच्या पानांत जाऊन बसते. त्या गल्लीतही फरशीवर धूळ होती, फक्त भिंतीपाशी एक माणूस मांडी घालून बसेल एवढी जागा स्वच्छ होती. हुलिगेव्वाने गेला आठवडाभर तिथे झाडू फिरवला नव्हता.

शहाण्या बाईने यावर नोकरी सोडली असती, निदान बदली मागितली असती. हुलिगेव्वाने दोन्ही केलं नाही. यात तिचं काय चुकलं ते चुकलं, पण का केलं नाही ते समजून घ्यायला हवं. पोरगी लग्न होऊन गंगावतीला गेली होती. घरी आल्यावर कुलूप काढून "अगं ए" म्हणायला कुणी नव्हतं. शेजारीण होती, ती बहिरी. सगळ्या जगात तिच्या हाकेला ओ देणारी दोन माणसं होती, त्यांतलं एक येर्रिस्वामी आणि दुसरं मेलेलं. भीती तिला पहिले काही दिवस वाटली. मग सवय झाली, आणि पुढे पुढे तर रविवार लांबलचक वाटायला लागला.

कळकप्पा हाकेशिवाय बोलत नसे. तिने बरंच काही विचारून पाहिलं, जेवलात का, कसे आहात, काही राहिलंय का, उत्तर नाही. फक्त हाकेला ओ, आणि तीही दिवसातून हाक मारावी तितक्यांदा नेमकी तशीच. बाकी कुणाला ती ऐकू येत नसावी. येर्रिस्वामीला बहुतेक काहीतरी जाणवलं होतं, कारण तो हल्ली जिन्याच्या तिसऱ्या पायरीखाली येत नसे. गुडघे दुखतात म्हणायचा.

ओ आली तर चाकाला हात लावायचा नाही, हा नियम. म्हणून धरणांची गल्ली हुलिगेव्वाने कधी मिटवलीच नाही. ते जमलं एका कारणाने. त्या रांगेत एक रॅक कमी होता. तो घ्यायला मंजुरीच आली नव्हती. त्यामुळे रांगेत एका गल्लीऐवजी दोन गल्ल्यांची जागा होती. एक ती कामाला इकडेतिकडे सरकवायची, दुसरी कळकप्पासाठी उघडी ठेवायची. वर्षानुवर्षं कुणाच्या हे ध्यानातही आलं नाही.

मग नागभूषण सर आले.

नवे ग्रंथपाल म्हैसूरचे. हळू बोलणारे, शिपायालासुद्धा अहोजाहो करणारे. माणूस वाईट असता तर हुलिगेव्वाला सोपं गेलं असतं. त्यांनी सगळ्या विभागांची वाचनालयं एका छत्राखाली आणायचं ठरवलं, आणि खाणकामवाल्यांची जुनी मासिकं ठेवायला तळघरात जागा बघायला उतरले.

"हुलिगेव्वा, या रांगेत आणखी एक रॅक सहज बसेल," ते म्हणाले. "ही गल्ली मिटवली की झालं."

"तिथे ओल आहे, सर," ती बोलून गेली.

त्यांनी खरंच माणूस बोलावून भिंत तपासली. ओल नव्हती. मग ती म्हणाली रूळ वाकलाय. रूळही तपासला. तिसऱ्यांदा ती काही बोलायच्या आत सरच म्हणाले, "तुमची काही अडचण असेल तर मोकळेपणाने सांगा." काय सांगणार? त्या संध्याकाळी तिने येर्रिस्वामीजवळ मन हलकं केलं. तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही.

"नारळ फोड आणि मिटवून टाक," खाली मान घालून म्हणाला.

"आतून माणूस 'आहे' म्हणतंय, आणि मी चाक फिरवू? त्यांनीच शिकवलंय मला."

"माणूस नाही गं ते, अक्का."

"मग कोण आहे?"

येर्रिस्वामीने चष्मा पुसायला घेतला.

त्याच दिवसांत सिंचना खाली यायला लागली. ही चित्रदुर्गाकडची मुलगी, धरणातल्या गाळावर संशोधन करत होती. पास काढून उतरायची आणि जुने अहवाल घेऊन तासन् तास बसायची. कुठे? तर कळकप्पाच्याच गल्लीत, खांबापलीकडे. हुलिगेव्वाने तिला वर टेबलाशी बसायला सांगितलं, तर म्हणाली, "इथेच बरं वाटतं अक्का. थंड आहे. आणि कुणीतरी सोबत असल्यासारखं वाटतं." हुलिगेव्वाला हे ऐकून उलट आनंदच झाला. तिने हाक मारायची वेळ बदलली, सकाळी मुलगी यायच्या आत उरकून घ्यायला लागली.

रॅक बसवणारी माणसं हुबळीहून आली त्या दिवशी तळघरात एकच गडबड झाली. लोखंडाचे तुकडे जिन्यावरून उतरेनात, म्हणून हुलिगेव्वा त्यांना मागचं दार दाखवायला वर गेली. सिंचना तोवर आली नव्हती. परत आली तेव्हा नागभूषण सर चाकापाशी उभे होते, आणि मिस्त्री बाह्या सरसावून तयार.

"अव्वा, ही गल्ली मिटवा, मग आम्हाला टोकाला जागा मिळेल," मिस्त्री म्हणाला.

"थांबा. हाक मारायची असते."

"मारा की मग."

ओ येणार आणि या सगळ्यांसमोर आपण चाक धरून वेड्यासारखं उभं राहणार, हे तिला दिसत होतं. आज काहीही होवो, नोकरी जावो, पण चाक फिरवायचं नाही असं तिने मनाशी ठरवलं आणि हाक मारली, "आत कुणी आहे का होss?"

ओ आली नाही.

तिने पुन्हा हाक मारली. काही नाही. दिव्यांची गुणगुण तेवढी ऐकू येत होती.

"झालं? नाही कुणी," मिस्त्री म्हणाला.

नागभूषण सरांनी मान हलवली. हुलिगेव्वाला काय वाटलं ते सांगणं कठीण आहे. गेले बिचारे, असं वाटलं. रडू आलं, आणि त्यातच कुठेतरी सुटल्यासारखंही झालं. ती बाजूला झाली. मिस्त्रीने चाक धरलं. रॅक सरकायला लागला, रुळावर जराही कुरकुर न करता, लोण्यातून सुरी जावी तसा.

आणि तेव्हा तिला आठवलं. अण्णा फक्त एका वेळी ओ देत नसत.

"थांबव!" ती किंचाळली. "सोड ते चाक!"

मिस्त्री दचकला, पण हातातलं चाक फिरायचं राहिलं नाही. हुलिगेव्वाने सरळ गल्लीत उडी घेतली. रॅकचा पत्रा तिच्या खांद्यावर आदळला आणि थांबला. ती अंग चोरून, पुस्तकांना पोट घासत आत सरकत गेली. खांबाला वळसा घातला.

सिंचना भिंतीला पाठ लावून बसली होती. मांडीवर अहवाल. गुडघे सरकत्या रॅकने एकमेकांकडे दाबत आणलेले. ती झोपलेली नव्हती. कानात काही घातलेलं नव्हतं. डोळे टक्क उघडे होते, आणि हुलिगेव्वाला बघून तिने ओठांवर बोट ठेवलं.

"शूss," ती म्हणाली.

तिला बाहेर काढून वर आणलं. नागभूषण सरांचा चेहरा पांढराफटक पडला होता. येर्रिस्वामी धावत जाऊन चहा घेऊन आला. मुलीने दोन घोट घेतले, आणि मग तिला थंडी वाजायला लागली. बाहेर अंगाची लाही होईल असं ऊन पडलं होतं.

"हाक ऐकू आली नाही का गं तुला?" हुलिगेव्वाने विचारलं.

"आली."

"मग बोलली का नाहीस, बाई?"

"बोलणार होते. पण अज्जांनी बोट ठेवलं ना ओठांवर."

"कुठले अज्जा?" नागभूषण सर म्हणाले.

"तिथे बसतात ते. टॉवेलवाले. मला वाटलं तुमच्यातलेच कुणी आहेत. रोज असतात की! काही बोलत नाहीत, नुसते बघून हसतात. आज अक्कांनी हाक मारली तसं त्यांनी बोट दाखवलं, गप्प राहा म्हणून." ती थांबली. "रॅक सरकतोय हे कळत होतं मला. पायाला लागायला लागला होता. पण त्यांनी बोट काढलं नव्हतं. इतक्या प्रेमाने बघत होते. त्यांचं मन मोडवेना."

हुलिगेव्वा उठली आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसली. तिला राग आला होता, आणि तो कुणाचा हे कळत नव्हतं. अण्णांनी आयुष्यात मुंगी मारली नव्हती. पोरीला इजा करावी असं त्यांच्या मनात येणंच शक्य नव्हतं. पण मनात यायला मन तर राहायला हवं ना! पूर्वी ते बोट दाखवून उठायचे, गल्लीच्या तोंडाशी यायचे, चाक थांबवायचे. बोट राहिलं आणि उठून येणं राहिलं नाही. ओ राहिली आणि ज्याची ओ तो राहिला नाही. माणूस गेला की त्याची सवय मागे राहते, अक्कल राहत नाही. आणि ती इतकी वर्षं त्या सवयीशी बोलत होती, तिला जागा राखत होती, कारण तिला घरी बोलायला कुणी नव्हतं. त्यापायी आज परक्याची पोर चिरडली असती.

येर्रिस्वामी येऊन शेजारी बसला. एकही विनोद केला नाही.

नागभूषण सरांनी काम बंद करून मिस्त्रींना परत पाठवायचं ठरवलं होतं. हुलिगेव्वा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "सर, गल्ली मिटवायची. आजच. पण मी एकटी मिटवणार. दुसऱ्या कुणाचा हात चाकाला लागायचा नाही." सरांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि फक्त "बरं" म्हणाले.

दिवस कलला तेव्हा ती उतरली. सगळे दिवे लावले. गल्लीत शिरून खांबापलीकडे नीट पाहिलं, वाकून खालच्या खणांतही पाहिलं. कुणी नव्हतं. भिंतीपाशी ती स्वच्छ जागा होती. आज तिच्याशेजारी आणखी एक तेवढीच जागा स्वच्छ झालेली होती. हुलिगेव्वाने पदर खोचला, दोन्ही जागांवर आजूबाजूची लाल धूळ हाताने ओढून पसरली, जुन्या जागेला हात लावून कपाळाला लावला, आणि बाहेर येऊन चाक धरलं.

"आत कुणी आहे का होss?"

"आहे गं तंगी, अजून मेलो नाही."

आवाज पहिल्या दिवसासारखाच. इतक्या वर्षांत ना थकलेला, ना मऊ झालेला. ती चाक धरून उभी राहिली. ओ आल्यावर हात लावायचा नाही, हे ज्याने शिकवलं त्याचीच ओ होती.

"मेलात, अण्णा," ती म्हणाली. "युगादीच्या सुट्टीत गेलात तुम्ही. देवळाच्या पायऱ्यांवर. तुमच्या पुतण्याने सगळं नीट केलं. मी तेव्हाच सांगायला हवं होतं तुम्हाला, पण मला ओ हवी होती."

तिने चाक फिरवलं. लहान पोरालाही फिरवता येईल असं ते चाक, पण दाते एकेक करून सरकत होते. अर्ध्यावर तर ते अडूनच बसलं. तिने खांदा लावला, तरी हलेना. रॅकच्या मध्ये आता एक माणूस अंग चोरून उभा राहील एवढीच फट उरली होती.

चाक मध्येच थांबलं तर पुन्हा हाक मारायची. नियम तो नियम. तिने हाक मारली, "आत कुणी आहे का होss?"

बराच वेळ काही आलं नाही. मग अगदी जवळून, फटीच्या तोंडातून आवाज आला.

"आहे गं, तंगी."

एवढंच. पुढचे शब्द आलेच नाहीत. ती वाट बघत राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच ते तो म्हणाला नव्हता. हुलिगेव्वाने डोळे मिटले आणि चाकावर जोर दिला. चाक हलकं झालं होतं. ते आपोआप फिरल्यासारखं फिरलं आणि रॅकला रॅक जाऊन टेकला.

ती रडली, मोठ्याने रडली. तळघरात ऐकायला कुणी नव्हतं. रडून झाल्यावर तिने तोंड पुसलं, गाठ मारलेलं भाकरीचं फडकं उचललं, तेवढ्यात जिन्याच्या तोंडाशी येर्रिस्वामीची पावलं वाजली. दिवे बंद करायची वेळ झाली होती.

"खाली कुणी आहे का?"

हुलिगेव्वाने ओ द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. सवयीचा काही भरवसा नाही. ती काही न बोलता, कठड्याला धरून, एकेक पायरी चढत वर आली. येर्रिस्वामी बटणावर हात ठेवून, भेदरलेल्या डोळ्यांनी खाली बघत होता. ती त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली, त्याला आपला चेहरा नीट दिसेल अशी.

"मी वर आलेय," ती म्हणाली. "कर बंद. आता खाली कुणी नाही."